त्रुटिसंदेशातील कर्ता

व्हर्च्युअल मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा अपग्रेड फसला म्हणजे पडद्यावर जे एक-दोन ओळींचे निवेदन उमटते, त्याकडे गद्याचा एक प्रकार म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा नाही. वस्तुतः ते निवेदन म्हणजे यंत्राने आपल्या अपयशाविषयी दिलेली जबानीच होय. आणि जबानी तपासावयाची तर व्याकरण उपयोगी पडतेच.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुनी ध्वनिविश्लेषक वा शब्दसूचीकारक साधने चालावीत म्हणून अशा यंत्रांत विंडोज १० जपून ठेवणाऱ्या भाषाभ्यासकांपुढे विंडोज ११ कडे जाण्याचा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. (या आतल्या यंत्रणेस ‘गेस्ट’ म्हणतात, अतिथीची तिथी इतकी नेमकी ठरलेली असावी, ही गंमतच.)

अपग्रेड फसल्यावर वारंवार दिसणारा एक संकेतांक घेऊ : सी१९००१०१–२००१७. आरंभीचे ‘शून्य एक्स’ येथे गाळले आहे. याचा पूर्वार्ध एवढेच सांगतो की स्थापना माघारी फिरली. उत्तरार्धातील पहिला अंक टप्पा दर्शवितो व शेवटचे अंक क्रिया. म्हणजे ‘सेफ ओएस’ टप्प्यात, बूट होताना. ३००१८ असेल तर पहिल्या बूटचा टप्पा व सिसप्रेपची क्रिया. ४०००डी असेल तर दुसरा बूट व विदेचे स्थलांतर. कारकांच्या भाषेत बोलावयाचे तर या वाक्यात अधिकरण आहे, क्रिया आहे. परंतु कर्ता नाही आणि करणही नाही. कोठे मोडले ते कळते. कोणी मोडले, कशाने मोडले, ते कळत नाही.

मायक्रोसॉफ्टचे अधिकृत विवेचन येथे ‘विसंगत ड्रायव्हर’ असे उत्तर देते. हे सामान्यनाम आहे, विशेषनाम नव्हे. पुढे येणारी उपाययोजना, म्हणजे बाह्य उपकरणे काढा, ड्रायव्हर अद्ययावत करा, व्हायरसरोधक प्रणाली हटवा, डिस्कवर जागा करा, ही टेबलावरचे लोखंडी यंत्र गृहीत धरून लिहिलेली आहे. ज्या यंत्राचा माऊसदेखील आभासी, त्याने कोणते उपकरण काढावे? तेथे संशय घ्यावयाचा तो प्रथम व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘गेस्ट ॲडिशन्स’चा, कारण त्यांतून पडद्याचे व माऊसचे ड्रायव्हर येतात, पण या विवेचनाचा वाचक तिकडे वळत नाही. तो संकेतांकालाच कारण मानतो. नैयायिक यास अनैकान्तिक हेत्वाभास म्हणतील : ज्या ड्रायव्हरवर आपण ठपका ठेवला तो निर्दोष असतानाही तोच संकेतांक उमटतो, सबब त्यावरून त्या ड्रायव्हरचा दोष सिद्ध होत नाही.

याउलट अपग्रेडपूर्व तपासणीचे संदेश स्पष्ट असतात : टीपीएम २.० नाही, सिक्युअर बूट नाही, स्मृती ४ जीबीहून कमी आहे, डिस्क ६४ जीबीहून लहान आहे, प्रोसेसरला दोन गाभे नाहीत. व्हर्च्युअलबॉक्सने २०२२ मधील ७.० या आवृत्तीपासून आभासी टीपीएम दिल्याने पहिली उणीव सहज भरून निघते. परंतु या स्पष्ट वाक्यांतही एक वैगुण्य आहे. ती अवस्था सांगतात, क्रम सांगत नाहीत. बायोसवर आणि एमबीआर डिस्कवर उभारलेल्या यंत्राला एकदम ईएफआय लावले, तर ते सुरूच होत नाही, आणि वाचकास वाटते की सारे गमावले. आधी गेस्टच्या आत ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन चालवून, मग यंत्र बंद करून, मग ईएफआय लावावयाचे असते. मराठीतील ‘-ऊन’ प्रत्यय जे काम विनासायास करतो, ते येथे राहून गेले आहे. डिस्क मोठी करण्याचेही तसेच : बाहेरून डिस्क वाढली तरी आतील विभाग वाढत नाही, तो निराळा वाढवावा लागतो.

‘स्नॅपशॉट’ हा शब्द तर सरळसरळ दिशाभूल करणारा आहे. छायाचित्र मूळ वस्तूवाचूनही टिकते. स्नॅपशॉट टिकत नाही. त्यानंतरचे सर्व बदल एका भेददर्शक फायलीत लिहिले जातात आणि ती फाइल मूळ डिस्कवर अवलंबून असते. मूळ नष्ट झाले की दोन्ही गेली. बोलीच्या सर्वेक्षणाची ध्वनिमुद्रणे त्या यंत्रात असतील, तर मुद्रित करणारा पुन्हा त्या गावी जाईलही. मुद्रित झालेली वृद्धा तेथे असेलच असे नाही. म्हणून यंत्र पूर्ण बंद करून त्याचे सबंध फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, व प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

कर्ता हवा असेल तर तो ‘सेटअपॲक्ट’ या नोंदवहीत शोधावा. ही नोंद कंटाळवाणी, पुनरुक्तीने भरलेली असते. पण तीत वेळ असते आणि फायलींची विशेषनामे असतात. मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ हे साधन ती वाचून निष्कर्षही काढून देते. बूट होतानाच यंत्र कोसळले तर मात्र नोंद मध्येच तुटते. अशा वेळी प्रतीवरील गेस्ट ॲडिशन्स काढून, दुसरे काहीही न बदलता, अपग्रेड पुन्हा चालवावा आणि संकेतांकाचा केवळ उत्तरार्ध ताडून पाहावा : २००१७ च्या जागी ३००१८ आले, तर अपग्रेड फसलाच, पण पहिला अडथळा ओलांडून फसला, आणि पुढील शोध पहिल्या बूटपासून सुरू करावयाचा.