ताशी ८,७२० वॉनचा नायक

सोलहून आलेली दंतवैद्य मुलगी माकुल मासळी साफ करायला बसली आहे. अंगात महागडे कपडे, पायात उसन्या रबरी चपला, कारण तिचे बूट समुद्राने नेले. गावातलं नेटवर्क पडलंय, कार्ड चालत नाही, एटीएम बंद, आणि प्यायलेल्या कॉफीचे पैसे तर द्यायचेत. हाँग दुसिक नावाचा तरुण तिला उसने पैसे देत नाही, काम मिळवून देतो. तासाला ८,७२० वॉन. २०२१ साली दक्षिण कोरियाच्या कायद्याने ठरलेली ही किमान मजुरी. मुलगी नाक मुरडते, हात घाण होतात, पण मजुरीचे पैसे हातात पडतात तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताठा थोडा उतरलेला असतो. ‘होमटाऊन चा-चा-चा’ या मालिकेतली प्रेमकथा इथे सुरू होते, आणि ही मालिका मला इतकी का आवडते त्याचं कारणही इथेच आहे.

टीव्हीएन या वाहिनीवर २०२१ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ती दाखवली गेली, त्याच वेळी नेटफ्लिक्समुळे जगभर पोचली. सोळा भाग, प्रत्येक भाग तासाभराहून मोठा. शिन हाऊन यांचं लेखन, यू जेवन यांचं दिग्दर्शन. मूळ कथा २००४ च्या एका कोरियन चित्रपटाची. शिन मिना ही दंतवैद्य हेजिन झाली आहे, किम सनहो दुसिक. गाँगजिन हे समुद्रकाठचं गाव काल्पनिक आहे, चित्रीकरण पोहांग शहराच्या परिसरात झालं. पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पोहांगकडे लोक आता या मालिकेतला बाजार पाहायलाही जातात.

दुसिक हा गावाचा ‘बानजांग’, म्हणजे आळीचा म्होरक्या. नोकरी कुठलीच नाही. तो नळ दुरुस्त करतो, भिंती रंगवतो, घर दाखवून दलाली करतो, कॉफी करून देतो, मासळी उतरवून घेतो, म्हाताऱ्यांची ओझी वाहतो. प्रत्येक कामाचं रीतसर प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे. आणि काम कोणतंही असो, दर एकच. अडल्यानडल्याला जास्त नाही, ओळखीच्याला फुकट नाही. हे फार बारकाईने रचलेलं आहे. दुसिकने फुकट कामं केली असती तर तो साधुपुरुष झाला असता आणि गाव त्याच्या उपकाराखाली दबलं असतं. तो पैसे घेतो, म्हणून त्याला कुणीही संकोच न बाळगता हाक मारू शकतं.

हा माणूस पाबळच्या वाचकाला परका वाटणार नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी जागा सोडली आणि १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम उभा केला. त्यांचा आग्रह साधा होता: हाताने काम करताना माणूस शिकतो, आणि ते काम खोटंखोटं नसावं, गावाच्या खऱ्या गरजेचं असावं. शाळा सुटलेली मुलंही इथे वर्षभर राहून वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, माती-पाण्याची तपासणी, शेती, पशुपालन असं सगळं शिकतात. एकाच विषयात पारंगत होऊन बाकीच्यात आंधळं राहायचं नाही. आश्रमाने शाळांसाठी तयार केलेल्या अभ्यासक्रमात ‘लोकोपयोगी सेवा’ असते. मुलांनी गावातली कामं करायची आणि गावाने त्यांचा मोबदला द्यायचा. जुन्या जीपचे सुटे भाग जुळवून केलेला ‘मेकबुल’ ट्रॅक्टर, पाबळ डोम म्हणून ओळखली जाणारी घुमटाकार घरं, अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने २००२ मध्ये आलेली फॅब लॅब, हे सगळं त्याच विचारातून आलं. दुसिकच्या अंगणातली हत्यारांची मांडणी पाहताना मला तिथल्या कार्यशाळा आठवतात.

प्रेमाची गोष्ट म्हटली की पाबळमध्ये बोट वेगळ्या दिशेला वळतं. मस्तानीची कबर इथे आहे. हे गाव बाजीरावांनी तिला इनाम दिलं होतं. १७४० च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. या गोष्टीची भव्यता विरहातून आणि मरणातून येते, आणि आपल्या मनातलं मोठ्या प्रेमाचं चित्र बहुतेक वेळा असंच असतं. ‘होमटाऊन चा-चा-चा’ नेमकं उलट्या बाजूने जाते. इथे प्रेमाच्या आड राजघराणं येत नाही, तलवार येत नाही. दोघं एका गावात राहतात, रोज एकमेकांच्या वाटेत येतात, आणि ते रोजचं असणंच हळूहळू गोड होत जातं.

एक प्रसंग सांगतो. दुसिकच्या घरी हेजिन वाइन पिऊन बसली आहे आणि तिचे गाल तापलेत. तो बर्फाच्या भांड्यात हात बुडवून गार करतो आणि ते तिच्या गालांवर ठेवतो. संवाद जवळजवळ नाही. दिवसभर नळ आणि खिळे हाताळणारे हे हात आपण आधीचे चार भाग पाहत आलो आहोत, म्हणून त्यांचा हा उपयोग अंगावर शहारा आणतो. दुसऱ्या एका प्रसंगात पावसात हेजिन कपडे भिजतील म्हणून आडोशाला उभी असते आणि तो तिला ओढून पावसात नेतो. पावसातला नायक-नायिकेचा नाच आपण हिंदी-मराठी पडद्यावर भरपूर पाहिला. इथे मात्र नाच शोभिवंत नाही. दोन मोठी माणसं शाळकरी पोरांसारखी पाणी उडवतात, आणि हेजिनने आयुष्यभर जपलेली नीटनेटकी घडी त्या पावसात मोडते.

दुसिक सगळ्यांशी अरे-तुरे करतो, आजींशीही. हेजिनला सुरुवातीला ते झोंबतं. आपल्याकडच्या गावांत आजीला ‘अगं’ म्हणणारा नातू उद्धट ठरत नाही, पण कोरियन रीतीत हे धाडसच आहे, आणि लेखिकेने ते त्याच्या मोकळेपणाची खूण म्हणून वापरलं आहे.

गावाचं चित्र गोडच गोड असतं तर मी सोळा भाग पाहिले नसते. हेजिन नवी आलेली असताना गावच्या मेळाव्यात तिच्या हातून मोठी चूक होते. कॅफे चालवणारा चनजे एकेकाळचा गायक, एकाच गाण्यावर नाव झालेला. तेच जुने दिवस पुन्हा पुन्हा सांगत राहतो. ती मैत्रिणीला फोनवर त्याची थट्टा करते, आणि शेजारचा माइक चालू असतो. सगळं गाव ऐकतं. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आपलं घरचं बोलणं गावभर गेलं तर काय होईल, हे ज्याला कळतं त्याला हा प्रसंग बघवत नाही. गाव पाठ फिरवतं, दवाखान्यात कुणी येत नाही. या रुसव्यातून बाहेर यायला हेजिनला सुंदर भाषण उपयोगी पडत नाही. लोकांच्या दारी जावं लागतं, त्यांच्यात बसावं लागतं. जिच्या चहाड्यांचा हेजिनला राग येतो त्या नामसुकचं मूल गेलेलं आहे, हे आपल्याला खूप उशिरा कळतं. त्यानंतर तिची बडबड पूर्वीसारखी ऐकू येत नाही.

आणि गामरी आजी. किम यंगओक या ज्येष्ठ अभिनेत्रीने ती उभी केली आहे. दात पडलेत, चावता येत नाही, पण नवे दात बसवायला नको म्हणते, खर्च कशाला. मुलाला कळू द्यायचं नाही. हेजिन तिच्यावर चिडते; तो राग खरा आईवेड्या पोरीचा आहे, कारण हेजिनची आई ती लहान असतानाच गेली. आजीला दात बसतात तेव्हा आपल्यालाच बरं वाटतं. शेवटाकडे तीन आजी शेजारी शेजारी अंथरूण टाकून झोपतात, सहलीच्या आदल्या रात्रीसारखं वाटतंय असं बोलतात, आणि सकाळी गामरी उठत नाही. त्या रात्रीच्या गप्पांत मरणाचं सावटही नाही. दिग्दर्शकाने संगीत चढवलं नाही, कॅमेरा नाचवला नाही. दुसिक अंत्यविधीची सगळी कामं करत राहतो, रडत नाही. आजीने त्याच्यासाठी लिहून ठेवलेलं पत्र वाचतो तेव्हा कुठे त्याचा बांध फुटतो.

तो इतका का गोठला होता, हे याच्या आसपासच उलगडतं. गावात न दिसलेली पाच वर्षं तो सोलमध्ये गुंतवणूक कंपनीत होता. त्याच्या फंडात पैसे घालून एक सुरक्षारक्षक बुडाला आणि त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. जिवलग ज्येष्ठ मित्र अपघातात गेला. दुसिकही पुलाच्या कठड्यापाशी पोचतो, आणि त्याच वेळी फोनवर गामरी आजीचा निरोप येतो. तो गावी परततो, दार लावून बसतो. मग गावकरी एकेक करून येतात. कुणी जेवण आणून ठेवतं, कुणी बिघडलेली वस्तू घेऊन येतं, जरा बघ रे म्हणून. काय झालं होतं, हे कुणी विचारत नाही. त्याला लहानसहान कामं सांगत राहतात, आणि त्या कामांतून तो उभा राहतो. पहिल्या भागातली ताशी मजुरी इथे वेगळी दिसू लागते. सगळ्या गावाची कामं करणारा हा माणूस गावानेच काम सांगून वाचवलेला होता. मालिकेची खरी कारागिरी ही आहे, आणि तिच्यासाठी मी तिचे सगळे दोष सहन करतो.

दोष आहेत. पाच वर्षांची ही हकीकत शेवटच्या दोन-तीन भागांत घाईने कोंबली आहे. दूरचित्रवाणीवरचा निर्माता म्हणून आलेला दुसरा प्रेमिक इतका सज्जन आहे की त्याच्या येण्याने ताण निर्माणच होत नाही. गाँगजिनमध्ये जमिनीची भांडणं नाहीत, निवडणुकीची वैरं नाहीत. पाबळसारख्या गावातली पोरं चाकणला, रांजणगावच्या एमआयडीसीत पाळ्या करायला जातात. गाँगजिनमधून गेलेल्या पोरांची जागा फक्त आजींच्या एकटेपणातून दिसते.

माझी खरी तक्रार याहून खोल आहे. हेजिनचे वडील गावी येतात आणि मुलगा करतो काय, हा आपल्या प्रत्येक घरातला प्रश्न विचारतात. नोकरी नाही, आईवडील नाहीत. हेजिन वडिलांवर चिडते, प्रसंग छान खेळला आहे. पण प्रेक्षकाला तोवर ठाऊक असतं की दुसिक सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचा अभियंता आहे. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या विद्यापीठाची पदवी लेखिकेने त्याच्या खिशात आधीच ठेवली आहे. हातांनी काम करणाऱ्या माणसाचं मोल पटवून द्यायला तिला शेवटी कागदाचा आधार घ्यावासा वाटला. शिरूर-खेडकडे शेती करणाऱ्या, गॅरेज चालवणाऱ्या मुलांची लग्नं अडून राहतात, मुलीकडचे पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात. तिथे ही पदवी खटकते. कलबागांनी सुरुवात केली ती शाळेने नापास ठरवलेल्या मुलांपासून. दहावीला अडलेला, पण मोटार बांधणारा, घुमट उभारणारा, विहिरीवर पाणी चढवणारा दुसिक, आणि त्याच्या प्रेमात पडणारी शिकलेली हेजिन, ही मालिका अजून कुणी लिहिलेली नाही. ती मराठीत लिहिली जावी आणि तिचं गाव पाबळ असावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.