फिलाडेल्फियाचे वासुदेव

वाङ्मयविवेचनास वाहिलेल्या या मासिकांत आम्ही एका परदेशी नभोवाणी-केंद्रावरील सकाळच्या गप्पांचें परीक्षण करूं लागलों, तर कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल हें आम्ही जाणून आहों. ज्या कार्यक्रमास संहिता नाहीं, बांधणी नाहीं आणि उद्यां ज्याचा मागमूसहि उरावयाचा नाहीं, त्याला टीकेचें माप लावावयाचें कशासाठीं? आमचेंहि मत प्रथम हेंच होतें. तें बदललें कसें आणि कितपत बदललें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका हिवाळ्यांत फिलाडेल्फियाच्या उपनगरांत भाच्याच्या घरीं आम्ही मुक्कामास होतों. रोज सकाळीं तो आम्हांस आपल्या मोटारींतून शहरांतील ग्रंथालयापाशीं सोडी आणि मग कचेरींत जाई. मार्ग अर्ध्या-पाऊण तासाचा. पण स्कूकिल नदीच्या कांठानें जाणारा तो राजरस्ता त्या वेळीं इतका तुंबलेला असे कीं, दीड तास सहज मोडे. या सर्व वेळांत मोटारींतील रेडिओवर डब्ल्यू. एम. एम. आर. हें ९३.३ अंकावरील रॉक संगीताचें केंद्र लावलेलें असे, आणि त्यावर प्रेस्टन एलिअट व स्टीव्ह मॉरिसन हे दोन गृहस्थ आपल्या सहकाऱ्यांसह अखंड बोलत असत. केंद्र संगीताचें खरें, पण सकाळच्या चार तासांत गाणीं अगदींच थोडीं. बाकी साऱ्या गप्पा: आदल्या दिवसाचा फुटबॉलचा सामना, घरगुती फजित्या, जगांतील विक्षिप्त घटनांच्या हकिगती (यांचें तर एक स्वतंत्र सदरच होतें), आणि चारचौघांत उच्चारूं नयेत अशा शरीरधर्मांवरील विनोद.

"मामा, हें तुम्हांला रुचायचें नाहीं," असें भाचा पहिल्याच दिवशीं म्हणाला. पण केंद्र कांहीं त्यानें बदललें नाहीं. आम्हांस तें रुचलें नाहींच. जवळजवळ तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्याचे कान या इंग्रजीस सरावलेले नव्हते. एकाचें वाक्य पुरें होण्याआधीं दुसऱ्यानें तें उचलावें, तिसऱ्यानें त्यावर कोटी करावी आणि चौथ्यानें आपल्या हंसण्यांत तें बुडवावें, अशी सारी रीत. आपल्या रसशास्त्राचें माप लावावें तर हास्याला जागोजागीं बीभत्साचें ठिगळ. पाश्चात्य नाट्यविवेचनांतील तीन ऐक्यांचें लावावें, तर काल आणि कृति यांचा पत्ता नाहीं, ऐक्य काय तें एका स्थळाचें. हें शेवटचें आम्हीं मनाशीं थट्टेनें म्हटलें होतें.

दुसऱ्या आठवड्यांत मात्र एक चमत्कार घडला. निवेदकानें एका रस्त्याचें नुसतें नांव घेतलें आणि आम्ही मोठ्यानें हंसलों. त्यांत कोटी नव्हती, श्लेष नव्हता. त्याच रस्त्यावर त्या क्षणीं आम्ही अडकून पडलों होतों, आणि मागच्यापुढच्या शेंकडों मोटारींत तेंच नांव ऐकून माणसें आमच्यासारखींच हंसत असलीं पाहिजेत, एवढेंच काय तें कारण. विनोदाची मीमांसा करणारे आमचे पंडित विसंगतीवर फार भर देतात; येथें हंसूं आलें तें संगतीमुळें. मोरोपंतांच्या आर्येंतील एका विशेषणानें संपूर्ण कथा डोळ्यांपुढें उभी राहते, कारण वाचकानें भारत आधींच ऐकलेलें असतें. या गप्पांचें भारत म्हणजे तें शहर. 'किनाऱ्यावर गेलों होतों' म्हटलें कीं शेजारच्या न्यू जर्सीचा समुद्रकांठ समजावयाचा. 'पक्षी' म्हटले कीं ईगल्स हा फुटबॉलचा संघ. हा संघ २०१८ सालीं प्रथमच सुपर बोल जिंकला. तत्पूर्वींच्या अर्धशतकाच्या निराशा हा तर या मंडळींचा वडिलोपार्जित ठेवाच. ज्यानें त्या भोगल्या नाहींत त्याला निम्मे विनोद कळावयाचे नाहींत, आणि कळावे अशी बोलणाऱ्यांची इच्छाहि नसते.

या परंपरेचा पूर्ववृत्तांत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. हें केंद्र १९६८ सालीं रॉक संगीताकडे वळलें. १९८० नंतरच्या दशकांत तेथील सकाळ गाजविली ती जॉन डीबेला यानें, 'मॉर्निंग झू', म्हणजे प्रातःकाळचें प्राणिसंग्रहालय, या नांवाखालीं. त्याचा पाडाव न्यू यॉर्कच्या हॉवर्ड स्टर्ननें केला. १९८६ पासून स्टर्नचा कार्यक्रम फिलाडेल्फियांतील एका प्रतिस्पर्धी केंद्रावर ऐकूं येऊं लागला, आणि १९९० सालीं श्रोतृसंख्येंत मात केल्यावर त्यानें या शहरांत येऊन डीबेलाचा लटका अंत्यविधि उरकला. स्टर्नचें वाक्चातुर्य वादातीत आहे. धारिष्ट्य तर त्याहून. निव्वळ बुद्धीच्या तराजूंत तो प्रस्तुत दोघांपेक्षां जड भरेल असेंच आमचें मत आहे. परंतु तो जें न्यू यॉर्कांत बोले तेंच अक्षरशः फिलाडेल्फियांत ऐकूं जाई. २००६ सालीं तो उपग्रहाच्या सशुल्क नभोवाणीकडे गेला, तेव्हां फिलाडेल्फियाचा एकहि रस्ता त्याला सोडावा लागला नाहीं. कारण तेथील रस्त्यावर तो उभाच नव्हता.

प्रेस्टन आणि स्टीव्ह यांची गोष्ट निराळी. ते १९९८ पासून 'वाय-१००' नामक दुसऱ्या एका केंद्रावर सकाळ चालवीत. २००५ च्या फेब्रुवारींत मालकांनीं तें रॉक केंद्रच बंद केलें; त्याच वर्षीं हे दोघे डब्ल्यू. एम. एम. आर. वर आले, आणि श्रोतेहि रेडिओचा कांटा फिरवून त्यांच्या मागोमाग आले. त्यांच्याबरोबर त्यांचा एक प्रघातहि आला. तो १९९८ पासूनचाच. वर्ष सरत आलें, थँक्सगिव्हिंगचा सण आला-गेला, कीं उघड्या जागीं छावणी ठोकावयाची, कित्येक दिवस तेथूनच कार्यक्रम करावयाचा, आणि न नासणारें अन्न आणून देण्याविषयीं श्रोत्यांस विनवावयाचें. 'कॅम्प आउट फॉर हंगर' हें त्याचें नांव. जमलेलें धान्य व डबे १९८४ सालीं स्थापन झालेल्या फिलाबंडन्स या संस्थेमार्फत गरजूंच्या घरीं पोंचत. आरंभीं लहान असलेला हा संग्रह पुढें शेंकडों टनांवर गेला. रेडक्रॉससाठीं रक्तदानाचा मेळावा आणि पोकोनो डोंगरांत पुठ्ठ्याच्या घसरगाड्यांची वेडीवांकडी शर्यत हेहि त्यांचेच उद्योग; पण त्यांविषयीं येथें लिहीत नाहीं.

छावणी आम्हीं स्वतः पाहिली. एके सकाळीं भाच्यानें ग्रंथालयाची वाट सोडून मोटार दक्षिणेस क्रीडागारांच्या मैदानांकडे वळविली. मागच्या बैठकीवर डबाबंद चणे, घेवडा आणि टोमॅटो यांची रास. थंडी अशी कीं तोंडांतून शब्दाआधीं वाफ निघे. पुढें मोटारींची रांग, शाळेच्या पिवळ्या बसगाड्या, एका नळदुरुस्तीवाल्याचा काठोकाठ भरलेला ट्रक. हाच आमचा भाचा पुण्यास असतांना वर्गणी मागावयास आलेल्या मंडळाच्या पोरांना दारांतूनच वाटेस लावीत असे!

"अरे, हें इतकें कोणासाठीं?" आम्हीं विचारलें.

"तें मला ठाऊक नाहीं, मामा. वर्षभर यांचें फुकट ऐकतों. मागतात तें एवढेंच."

त्या उत्तरानें आम्हांस आमचा वासुदेव आठवला. मोरपिसांचा टोप घालून पहांटे दाराशीं येणारा, गाणें म्हणणारा आणि ओंजळभर धान्य मिळालें कीं देवांच्या नांवानें तें पावल्याचें पुकारणारा तो वासुदेव थोर गवई असतो असें कोणी म्हणणार नाहीं. त्याचें मोल तो रोज आपल्या आळींत येतो यांत असतें. हे फिलाडेल्फियाचे वासुदेव टोपाऐवजीं कानांवर यंत्र चढवितात आणि दान स्वतःसाठीं मागत नाहींत, हा भेद आहे. स्वतःच्या पोटाची व्यवस्था जाहिरातींनीं लागलेली असते. पण कलेचें अंग एकच. वर्षभराच्या निरर्थक बडबडीनें जी ओळख सांचते, तीच त्या आठवड्यांत धान्य होऊन बाहेर पडते. एकादा विद्वान वक्ता त्याच मैदानावर उभा राहून भुकेवर अत्यंत प्रभावी व्याख्यान देता, तर टाळ्या पडत्या. ट्रक भरून चणे आले असते असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून ज्या गप्पांस आम्हीं पहिल्या आठवड्यांत वेळेचा अपव्यय म्हटलें, त्या या कार्यक्रमाचा पाया आहेत हें आम्हांस कबूल करावें लागलें.

याचा अर्थ आम्ही त्यांतील दोषांवर पांघरूण घालतों असा नव्हे. ग्राम्यता ती ग्राम्यताच. स्त्रियांविषयींचे कित्येक उद्गार ऐकून भाच्याशेजारीं बसण्याचा आम्हांस संकोच वाटे, आणि 'हा रॉक केंद्राचा संप्रदायच आहे' या सबबीनें तो कमी होत नसे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. देशांतील दहा मोठ्या शहरांपैकीं सर्वांत दरिद्री असा फिलाडेल्फियाचा लौकिक दीर्घकाळ होता. इतक्या श्रीमंत देशांत या जुन्या शहरीं डबाबंद चण्यांवर कुटुंबें कां जगतात, हा प्रश्न छावणीच्या जवळपास फिरकतांना आम्हीं तरी ऐकला नाहीं. आमच्या कीर्तनकारांनाहि पूर्वरंगांत वैराग्य सांगतांना सावकाराचें नांव घेणें जड जात असे. सर्वांच्या दारांत उभें राहावयाचें म्हणजे कोणा एकाचें दार वाजवितां येत नाहीं. ही या कलाप्रकाराची मर्यादा म्हणावी कीं भिडस्तपणा, यावर आमच्या मनाचा निश्चय अजून झालेला नाहीं.

चोखंदळ वाचक असेंहि विचारतील कीं, इतकें लिहून एकहि विनोद उद्धृत कां केला नाहीं? आम्हीं वहींत पांच-सहा टिपले होते. घरीं आल्यावर वाचून पाहिले. एकांतहि जीव नव्हता.

स्थळापासून तोडलें कीं ही बोली मरते, हें व्यापाऱ्यांच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानें अमेरिकेंत एका मालकानें देशभर किती केंद्रें बाळगावींत यावरील मर्यादा उठविली. ती पूर्वीं चाळिसांची होती. थोड्याच वर्षांत क्लिअर चॅनेल या एका कंपनीच्या हातीं बाराशेंच्यावर केंद्रें आलीं, आणि दूरच्या शहरीं बसून आधींच मुद्रित केलेलें 'सुप्रभात' अनेक गांवांना ऐकविण्याची रीत बोकाळली. १८ जानेवारी २००२ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर नॉर्थ डकोटांतील मायनॉट येथें मालगाडीचे डबे घसरले आणि विषारी अमोनियाचा ढग गांवावर आला. एक मनुष्य दगावला, पुष्कळांना इजा झाली. गांवचीं सहाहि व्यापारी केंद्रें त्याच कंपनीचीं. पोलिसांनीं फोन केला तेव्हां तेथें माणूस भेटेना, अशी तक्रार झाली. कंपनीनें दोष पोलिसांच्या यंत्रणेकडे लोटला. खरें कोणाचें, या वादांत आम्ही पडत नाहीं. परंतु नित्य सकाळीं ज्या खोलींत गांवचीं माणसें बसून गप्पा मारतात, त्या खोलीचा दूरध्वनि गांवांत कोणालातरी तोंडपाठ असतो, एवढें आम्ही जाणतों. डब्ल्यू. एम. एम. आर. हि २०१६ सालीं अनेक शहरांत केंद्रें असणाऱ्या बीझ्ली कंपनीच्या मालकीचें झालें. म्हणजे हा धोका तेथेंहि उंबरठ्याबाहेरच उभा होता. आमच्या पुण्यामुंबईच्या खाजगी केंद्रांवर सकाळीं शहराचें नांव मिनिटामिनिटाला कानीं पडतें. शहर मात्र क्वचित् भेटतें. त्यापेक्षां म्हसवडला २००८ सालीं निघालेल्या सामुदायिक केंद्राच्या साध्या बोलण्यांत माणदेश अधिक ऐकूं येतो.

याच फिलाडेल्फियाच्या केंद्रावर, सकाळची मंडळी उठल्यावर, पिएर रोबेर या नांवाचे एक लांब केसांचे सद्गृहस्थ १९८१ पासून गाणीं लावीत. श्रोत्यांना ते 'नागरिकहो' असें संबोधीत. हा एक शब्द कोणत्याहि विनोदाहून आमच्या लक्षांत अधिक राहिला आहे. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्याअखेर ते वारले. त्या रात्रीं भाच्याचा दूरध्वनि आला. क्षेमकुशल कांहीं न विचारतां तो म्हणाला, "मामा, आपले दुपारचे गेले." त्यानें नांव घेतलें नाहीं, आणि आम्हांसहि तें विचारावें लागलें नाहीं.