पाडलेली भिंत

चाळीवरच्या आपल्या कथा-कादंबऱ्या वाचताना एक भिंत मला वारंवार पडताना दिसते. कुणाला बढती मिळते, कुणाचा मुलगा मिळवता होतो, शेजारची खोली रिकामी होते आणि दोन खोल्यांचे एक घर होते. लेखक तिथे पेढे वाटतो. मीही वाटले आहेत. माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक अशीच भिंत पाडतो, आणि ते प्रकरण वाचून दाखविताना पडलेल्या टाळ्या मला अजून आठवतात. शेजारची खोली रिकामी का झाली, हे मात्र मी लिहिले नव्हते. आणि कुणा समीक्षकाने ते विचारलेही नाही.

पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' (१९५८) मध्ये टिचभर जागेतून जे हसू काढले त्याला तोड नाही. जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) नाटकात संपानंतरच्या गिरणगावातले एक कुटुंब एकाच खोलीत एकमेकांवर आदळत राहते. दोन्ही कृती थोर आहेत. परंतु वाचकाच्या मनात उरते ते खोलीचे अपुरेपण. तिचे भाडे कुणाला आठवत नाही. १९४७ च्या भाडेकायद्याने ते १९४० च्या पातळीला बांधून ठेवले, म्हणून तर ही माणसे कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर टिकली. (त्याच कायद्याकडे बोट दाखवून मालकांनी छपरे गळू दिली, हेही खरेच.)

घर वाढते म्हणजे काय होते, याचा विचार आपल्या वाङ्मयाने केलेला नाही, अशी माझी तक्रार आहे. वाढ दोन जातींची असते. माझ्या वडिलांनी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत फळ्या टाकून पोटमाळा केला, तो गावाहून आलेल्या आतेभावासाठी. त्याने तिथे सहा वर्षे काढली. त्या वाढीने या शहरात एक माणूस अधिक मावला. भिंत पाडली की एक बिऱ्हाड कमी होते. गंमत अशी की, झोपडपट्टीतल्या घरांवर असलेली १४ फूट उंचीची मर्यादा अडवते ती पहिल्या जातीच्या वाढीला, म्हणजे वरच्या खोलीत भाड्याने राहू पाहणाऱ्याला. दुसरीचे आपण कौतुक करतो. मर्यादा घालायचीच तर ती दुसरीला घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वरळीच्या बी. डी. डी. चाळींत १६० चौरस फुटांची खोली होती. तिच्या जागी ५०० फुटांची घरे आली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या रहिवाशांना किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या संडासापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या कुटुंबाला हे मिळाले, त्याला मी कधीही नावे ठेवणार नाही. पण उद्या रत्नागिरीहून पत्र्याची ट्रंक घेऊन येणाऱ्या पोराने वरळीत कुठली खोली भाड्याने घ्यावी? १६० फुटांची तिथे उरणार नाही, ५०० फुटांची परवडणार नाही. आपले चाळीचे वाङ्मय खोलीच्या आत बसलेल्यांचे आहे. दारात उभा असलेला त्यात क्वचितच येतो.

माझ्या कादंबरीतली भिंत आमच्याच घरची होती. ती २००१ साली पडली. १९९९ च्या कायद्याने पागडी उजळ माथ्याने घेता येऊ लागली होती. शेजारच्या काकू विधवा, दोन मुले शाळेत. मालकाचा हिस्सा काढून हाती आलेल्या रकमेत त्यांना नालासोपाऱ्याला एक खोली मिळाली, आणि धाकट्याची शाळा सुटली ती सुटलीच. आता मी स्वतः शाळेत शिकवितो, आणि दर जूनला हजेरीपटावरून नावे कमी होतात तेव्हा तो मुलगा मला आठवतो.

काकू गणपतीला अजून येतात. त्यांची मोरी होती तिथे आता आमचे पुस्तकांचे कपाट आहे. त्या नेमक्या त्याच्याजवळ पाट ओढून बसतात. दुसऱ्या आवृत्तीत हे प्रकरण घालतो म्हटले, तर प्रकाशक म्हणाले, "मास्तर, कथानकाचा वेग जाईल."