ऋणाची सीमारेषा आणि वृद्धांची संख्या

सरकारी ऋण राष्ट्रीय उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की आर्थिक वाढ खुंटते, असा निष्कर्ष राइनहार्ट व रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधाने मांडला. कोष्टकातून गळलेले पाच देश, वगळलेली वर्षे व सरासरीची सदोष पद्धत हर्नडन, अ‍ॅश व पोलिन यांनी २०१३ मध्ये दाखवून दिली. त्या गटाचा वृद्धिदर उणे ०.१ नसून २.२ टक्के ठरला. गाजावाजा झाला तो या चुकीचाच. खरा आक्षेप कार्यकारणसंबंधाविषयी आहे.

जपानमध्ये १५ ते ६४ वयाची लोकसंख्या १९९५ नंतर घटू लागली. निवृत्तिवेतन व औषधोपचार यांवरील खर्च वाढला, कर भरणारे हात कमी झाले. ऋण फुगले आणि उत्पादनाची वाढही मंदावली. ही दोन्ही बव्हंशी एकाच कारणाची अपत्ये असता एकास दुसऱ्याचा जनक ठरविणे तर्कदुष्ट होय. शिवाय छेदस्थानीचे उत्पादन मंदावले की गुणोत्तर आपोआप चढते. कार्यक्षम वयातील दरडोई उत्पादन पाहिल्यास जपान अमेरिकेहून फारसा मागे पडलेला दिसत नाही.

इटलीही वृद्ध व ऋणग्रस्त. तिचे ऋण जपानपेक्षा प्रमाणाने पुष्कळ कमी असूनही २०११ चे संकट तिच्यावर कोसळले. ते ऋण युरोत होते, जपानचे येनमध्ये, आणि बहुतांशी स्वदेशीयांकडेच.