‘खुनी’ गांधीलमाशी आणि आपले आग्या मोहोळ

मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, अमेरिकेत ‘खुनी गांधीलमाशी’ अवतरल्याची बातमी जगभर गाजली. तेव्हापासून वर्गात मधमाश्यांचा विषय निघाला की ‘ती आपल्याकडे येणार का?’ हा प्रश्न ठरलेला. प्रश्न चांगला आहे. बातमी ज्या तऱ्हेने सांगितली गेली, ती तऱ्हा मात्र आम्हाला सदोष वाटते, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांनी तिची चिकित्सा करायला हवी.

आधी घडले काय ते पाहू. वेस्पा मँडरिनिया ही चार-पाच सेंटीमीटर लांबीची आशियाई गांधीलमाशी २०१९ मध्ये कॅनडात आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सापडली. अशा तीसेक माश्या युरोपीय मधमाश्यांची हजारोंची वसाहत काही तासांत संपवतात, हे खरे आहे. तेथील कृषिखात्याने तिची घरटी शोधून नष्ट केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. ती आल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. ती गेल्याची किती जणांनी वाचली?

दुसरी खोट ‘खुनी’ या शब्दातच आहे. आपल्या अळ्यांना मांसाचा घास भरवण्यासाठी शिकार करणारा कीटक खुनी असेल, तर पिलांसाठी किडे वेचणारी चिमणीही खुनीच. अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये या माशीला ‘उत्तरेकडील महाकाय गांधीलमाशी’ असे साधे नाव दिले. मराठीत अडचण वेगळी आहे. वळचणीला कागदी पोळे लटकवणारी सडपातळ माशी आणि झाडाच्या ढोलीत किंवा जमिनीत मोठे घरटे करणारी दांडगी माशी, दोघींना आपण गांधीलमाशीच म्हणतो. (गांधीजींशी या नावाचा संबंध नाही, सेवाग्रामच्या जिल्ह्यात हा खुलासा केलेला बरा.)

पण सर्वांत मोठी चूक ‘परकी’ या शब्दाची आहे. परकी कोणाला? मँडरिनिया हिमालयात आणि ईशान्य भारतात पूर्वापार आहे. फ्रान्समध्ये २००४ साली सापडून पुढे युरोपभर पसरलेली वेस्पा व्हेलुटिना हीदेखील आपल्या हिमालयाची रहिवासी. फ्रान्समध्ये ती बहुधा चीनमधून आलेल्या मातीच्या भांड्यांबरोबर पोहोचली. कोरड्या प्रदेशात राहणारी आपली वेस्पा ओरिएंटालिस २०१८ मध्ये स्पेनच्या अल्हेसिरास बंदरात आढळली. काळ्या पोटावर पिवळा पट्टा मिरवणारी वेस्पा ट्रॉपिका २०१६ मध्ये प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर पोहोचली. म्हणजे जी तिकडे घुसखोर, ती इकडे घरची. उलट आपल्याकडे पेट्यांमधून पाळली जाणारी युरोपीय मेलिफेरा मधमाशीच परकी आहे. १९६०च्या दशकात हिमाचलातील नगरोटा येथे ती भारतात प्रथम रुजवली गेली.

हा फरक शब्दांपुरता नाही. शिकारी आणि भक्ष्य लाखो वर्षे शेजारी राहिले, की भक्ष्यही काही डाव शिकते. मेलिफेराला महाकाय गांधीलमाशीचा अनुभवच नसल्याने तिची कत्तल होते. आपल्या सातेरी मधमाशीचे तसे नाही. तिच्या जपानी बहिणींवरचा मासातो ओनो व सहकाऱ्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरट्याच्या दारी आलेल्या गांधीलमाशीला शेकडो माश्या गोळा होऊन वेढतात, पंखांचे स्नायू थरथरवतात आणि गोळ्याच्या आतले तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. गांधीलमाशी तेवढ्यात मरते, मधमाश्या तगतात. दोघींच्या सहनशक्तीतल्या काही अंशांच्या फरकावर हे सारे बेतलेले आहे. उष्णता आणि तापमान शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणते?

आग्या माशीचे पोळे उघड्यावर असते, त्यामुळे तिचा डाव आणखी निराळा. पोळ्यावरच्या माश्या क्रमाने पोट उचलतात आणि मैदानातल्या प्रेक्षकांसारखी एक लाट सरसरत जाते. नेपाळमध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की या लाटांमुळे गांधीलमाशी पोळ्याजवळ यायला कचरते. वर्धा जिल्ह्यात उंच झाडांवर आणि पाण्याच्या टाक्यांखाली आग्या मोहोळ असते. दुर्बीण असेल तर दुरूनच ही लाट पाहावी. जवळ जाणे, धूर करणे, दगड मारणे सक्त मना.

आणि इथेच त्या बातमीची खरी किंमत मोजावी लागते. आग्या माश्या चावल्या तरी ‘गांधीलमाश्यांचा हल्ला’ असे म्हटले जाते. एकदा मनात ‘खुनी’ ठसला, की पोळे दिसताच टेंभा पेटतो. जळते ते मोहोळ, आणि बुडतो तो मध काढून पोट भरणारा माणूस. वर्ध्याच्या सेंटर ऑफ बी डेव्हलपमेंटने, डॉ. गोपाल पालीवाल यांच्या पुढाकाराने, याच माणसांना दुसरी रीत शिकवली: संरक्षक पोशाख घालायचा, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, अळ्यांचा भाग तसाच ठेवायचा. याच गावात १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत मधमाशीपालनाला ग्रामोद्योगाचे स्थान मिळाले. त्या गावातल्या मुलांना वॉशिंग्टनची गांधीलमाशी ठाऊक असावी आणि टाकीखालचे आग्या मोहोळ ओळखता येऊ नये, हे आम्हाला खटकते.

गांधीलमाशीचा उपद्रव खोटा आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. पेटीच्या दाराशी घिरट्या घालणारी एक माशी दिवसभर कामकरी माश्या उचलत राहते, बाकीच्या भीतीने बाहेर पडत नाहीत, आणि फुलोऱ्याचे दिवस वाया जातात. पेटीपालक दार अरुंद करतो, जवळचे घरटे शोधतो, वसंतात एकट्या फिरणाऱ्या राण्या टिपतो. गोड पाण्याचे सापळेही लावतात, पण युरोपात त्यांत गांधीलमाश्यांपेक्षा इतरच कीटक जास्त अडकतात, अशी तक्रार आहे. शिवाय प्रत्येक गांधील मधमाश्यांवर जगत नाही. वेस्पा ट्रॉपिकाची धाड मुख्यतः कागदी पोळी करणाऱ्या इतर गांधीलमाश्यांवरच पडते. वळचणीच्या पोळ्यातल्या अळ्या एका सकाळी नाहीशा झालेल्या दिसल्या, तर मुलांना आधी तिच्यावर संशय घ्यायला सांगावे.