गिरणगांवच्या संसाराचा जमाखर्च

मुंबई सरकारच्या मजूर कचेरीनें १९२३ सालीं प्रसिद्ध केलेला, मुंबईंतील मजूर कुटुंबांच्या जमाखर्चाविषयींचा अहवाल आम्हीं परीक्षणास घेतला, हें पाहून आमच्या कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. बखरी, महजर व वतनपत्रें सोडून सरकारी छापील पुस्तकाकडे कां वळावें? याचें उत्तर असें कीं, पेशवाईंतील धान्याचा निरख आणि शागिर्दपेशाचा रोजमुरा यांचे कागद आपण ज्या हौसेनें जमवितों, त्याच जातीचा हा ऐवज आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. परळ-लालबागच्या चाळींतील तो संसार कसा चाले, हें आतां इतिहासाच्याच खातीं जमा झालें आहे.

अहवालाचे कर्ते जी. फिंडले शिरास. १९२१ च्या मे महिन्यापासून १९२२ च्या एप्रिलपर्यंत त्यांच्या कचेरीनें २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या पुरुषांचे हिशेब गोळा केले. कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ति रु. ५२-४-६ निघाली. खर्चापैकीं अन्नाकडे शेंकडा ५६.८, सरपण व दिवाबत्ती ७.४, कापडचोपड ९.६, घरभाडें ७.७ आणि किरकोळ १८.५. शेंकडा ९७ कुटुंबें एकाच खोलींत राहत होतीं. एवढी मेहनत त्यापूर्वीं या विषयावर मुंबईंत सरकारनें केली नव्हती, हें श्रेय निःसंकोचपणें दिलें पाहिजे.

परंतु आपल्या मंडळींस अस्सल आणि गोषवारा यांतील भेद शिकवावयास नको. सरासरी हा गोषवारा आहे; रु. ५२-४-६ मिळविणारें कुटुंब कोणत्याहि चाळींत नांदत नव्हतें. गोषवारा करणाऱ्या कारकुनानें कोणत्या रकमा एकत्र केल्या, हें पाहणें हेंच परीक्षकाचें काम, आणि येथें ती खूण ‘किरकोळ’ या सदरांत सांपडते.

अहवालच सांगतो कीं, शेंकडा ४७ कुटुंबें कर्जबाजारी होतीं, कर्ज सुमारें अडीच महिन्यांच्या कमाईइतकें होतें, आणि व्याजाचा नेहमींचा दर रुपयास दरमहा एक आणा. या तीन गोष्टी अहवालांत आहेत. त्यांची बेरीज मात्र आम्हांस करावी लागली. सरासरी प्राप्तीच्या कुटुंबावर अडीच महिन्यांचें कर्ज म्हणजे सुमारें १३० रुपये. त्यावर आणेवारीचें व्याज महिना आठ रुपयांवर जातें. म्हणजे प्राप्तीच्या शेंकडा १५ हून अधिक, घरभाड्याच्या दुप्पट! न्हावी, तमाखू-विडी, गांवचें जाणें-येणें, सारें किरकोळांतच येतें. मग व्याज पुरतें चुकविणाऱ्या घरीं त्यासाठीं काय उरलें असेल? ऋणको कुटुंबाची प्राप्ति सरासरीहून वेगळी असूं शकेल, हें आम्ही जाणतों. तरी प्रमाण तेंच राहतें. तेव्हां एक तर व्याज थकत असे, नाहीं तर तें ताटांतून निघत असे. ऋणमुक्त आणि ऋणको या दोन घरांचे संसार निराळे होते, आणि सरासरीनें ते एका पंक्तीस बसविले.

अन्नाविषयीं अहवालाचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे: मजुराचें धान्य दुष्काळी कायद्यानें ठरविलेल्या कमाल मापाइतकें, पण तुरुंगाच्या नियमांतील मापाहून कमी. कैद्यास सावकार नसतो, हें येथें आठवावें.

१९३२-३३ सालीं त्याच कचेरीनें पुन्हां चौकशी केली, तेव्हां अन्नाचा वांटा शेंकडा ४६.६० वर उतरला आणि घरभाड्याचा १२.८१ वर चढला. अन्नावरील खर्चाचा वांटा घटला कीं राहणी सुधारली, असा अर्थशास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे; त्यावरून दहा वर्षांत सुबत्ता आली असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. १९२९ नंतर धान्य कमालीचें स्वस्त झालें, भाडें तसें उतरलें नाहीं; वांटा बदलला तो मुख्यतः भावामुळें.

या दुसऱ्या चौकशीवर राहणीखर्चाचा जो निर्देशांक बसविला, त्यांत वजनांची एकंदर बेरीज शंभर नसून ८९ होती. ज्या रकमेस बाजारभाव नाहीं ती निर्देशांकांत बसत नाहीं. सावकाराचें व्याज आणि कोंकणांत घरीं धाडलेली मनिऑर्डर या त्याच जातीच्या रकमा. दुसऱ्या महायुद्धांत गिरणीकामगाराचा महागाईभत्ता या निर्देशांकाच्या चढउतारावर ठरे. गाळलेल्या रकमेचें दुखणें अशा रीतीनें कागदावरून पगारांत उतरलें.

म्हणून आमची विनंति संग्राहकांस आहे. गिरणीचा पगार मागील महिन्याचा, तोहि पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मिळे. नवा माणूस घांटावरून किंवा रत्नागिरीहून आला कीं पहिले दीड महिना वाण्याच्या उधारीवर वा खाणावळवालीच्या भरंवशावर काढी. हा उधारीचा इतिहास अहवालांत नाहीं. तो वाण्याच्या खातेवहींत आहे. या वह्या, कांहीं मोडींत तर कांहीं गुजराथींत लिहिलेल्या, जुनीं दुकानें मोडतांना रद्दींत जातात, कारण त्यांवर शिक्का नाहीं आणि कोणा सरदाराचें नांव नाहीं. अशी वही हातीं आल्यास प्रथम दोन तारखा जुळवून पाहाव्या: माल नेल्याची आणि रक्कम जमा झाल्याची. त्यांतील अंतर किती, आणि तेवढ्या दिवसांसाठीं भाव किती चढवून मांडला, हें एका चाळीपुरतें जरी कळलें, तरी शिरास यांच्या सरासरीस पहिली अस्सल टीप जोडतां येईल.