संगीत नाटकातील वेचे : निवड आणि प्रयोग

‘संगीत नाटक’ या जोडशब्दात ‘नाटक’ हे नाम असून ‘संगीत’ हे त्याचे विशेषण आहे. आपल्या रसिकांनी अलीकडे हे व्याकरण उलटे केले आहे. नाट्यगीतांच्या मैफली भरतात, त्यांना गर्दी होते, गाणाराही जीव ओतून गातो. परंतु ते पद कोणी, कोणास उद्देशून आणि कोणत्या अडचणीत सापडून म्हटले, हे विचारू गेल्यास श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना सांगता येईल. विशेषण टिकले आणि नाम गळाले, अशी ही अवस्था आहे. या अवस्थेवर हौशी मंडळींच्या हाती एक उपाय आहे, आणि तो म्हणजे निवडक प्रवेशांचा प्रयोग. मात्र त्यातील निवड आणि मांडणी ही दोन्ही कामे विचाराने झाली पाहिजेत. नाही तर तोही मैफलीचाच एक वेषधारी प्रकार ठरतो.

हा विचार मी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे डोळ्यांपुढे ठेवून करीत आहे. गिरगाव-दादरची मराठी कुटुंबे सरकत सरकत डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर अशी पुढे आली. येताना त्यांनी संगीत नाटकाची आवड आणली. नाटकगृह काही बरोबर आणता आले नाही. आजही या भागातील प्रेक्षकास पुष्कळदा कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर गाठावे लागते. घरच्या घरी व्हायचे ते गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा शाळेच्या सभागृहात. अशा जागी पाच अंकी नाटक उभे करणे बहुतेक मंडळींच्या आवाक्याबाहेरचे आहे. दोन तासांत बसणारे तीन-चार प्रवेश मात्र बसवता येतात, आणि प्रेक्षकास शेवटची लोकल चुकण्याची धास्तीही राहत नाही.

अपुऱ्या नाटकाचा प्रयोग हे काही कमीपणाचे लक्षण नव्हे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्याचे पहिले चारच अंक झाले होते. ज्या प्रयोगापासून आपण मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास मोजतो, तोच मुळी एका नाटकाच्या भागाचा प्रयोग होता. पाश्चात्य देशांतील संगीतविद्यालयांतही ऑपेरातील वेचक प्रवेशांचे कार्यक्रम विद्यार्थ्यांकडून नेमाने करवून घेतात. कारण अख्खे ऑपेरा पेलण्याइतका गळा सर्वांचा तयार नसतो, पण गाण्यातून पात्र उभे करण्याची विद्या प्रत्येकाने शिकावी लागते.

आता निवडीची कसोटी पाहू. माझ्या मते प्रवेशातून पद काढून पाहावे. कथेची गती आणि पात्राची मनःस्थिती पदावाचून तशीच राहत असेल, तर तो प्रवेश मैफलीस द्यावा. मग उलट करून पाहावे : गद्य काढून नुसते पद म्हणावे. पदाचे काहीच उणे झाले नाही, तर तेही मैफलीचेच होय. जेथे दोन्ही एकमेकांवाचून लंगडी पडतात, तो प्रवेश रंगभूमीचा.

‘सौभद्र’ (1882) घ्या. रुसलेल्या रुक्मिणीची कृष्ण समजूत घालतो, तो प्रवेश सर्वांच्या आवडीचा आहे आणि वेच्यांच्या कार्यक्रमात तो हटकून असतो. पण एकटा उचलला की त्यातील कृष्ण केवळ लाघवी नवरा उरतो. मूळ नाटकात हाच कृष्ण बलरामास न कळू देता सुभद्रेच्या लग्नाचा सारा डाव मांडून बसलेला आहे. त्या डावाची जाणीव प्रेक्षकास असेल तरच त्याच्या गोड बोलण्यास धार येते. म्हणून हा प्रवेश करायचा तर त्याच्या जोडीस सुभद्रा यतीच्या सेवेस जाते तो भाग घ्यावा. ज्या अर्जुनासाठी ती झुरते, तोच संन्याशाच्या वेषात तिच्यासमोर बसला आहे. हे प्रेक्षकास माहीत आणि तिला मात्र अज्ञात. तिच्या प्रत्येक शब्दाचे दोन अर्थ होतात. दोन्ही प्रवेश शेजारी ठेवले की सूत्रे कोणाच्या हाती आहेत हे न सांगता उमगते.

किर्लोस्करांची पदे गाताना आणखी एक पथ्य आहे. त्यांच्या नाटकांत पदांची संख्या शंभरावर जाते, आणि साकी, दिंडी, कामदा या घरगुती चालींतील पुष्कळ पदे म्हणजे स्वरांत म्हटलेले संभाषणच आहे. त्यांवर तानांचा भार घातला की ती मोडतात. पुढे खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त (1911) गोविंदराव टेंब्यांच्या आणि ‘स्वयंवरा’त (1916) भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी पदास रागविस्ताराची मोकळीक दिली. तेथे आलापास जागा आहे, पण ती भावनेच्या वाढीपुरती. एकाच कार्यक्रमात दोन्ही प्रकारचे वेचे असतील, तर गाणाऱ्यास हा भेद तालमीच्या पहिल्याच दिवशी समजावून द्यावा.

कसोटीस सर्वांत खरे उतरणारे नाटक ‘एकच प्याला’ होय, आणि यात एक विलक्षण गोष्ट आहे. हे नाटक गडकऱ्यांचे. पण त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. गडकरी 1919 च्या जानेवारीत वारले आणि फेब्रुवारीत बडोद्यास गंधर्व मंडळीने पहिला प्रयोग केला. दुसऱ्या हाताने घातलेली पदे वरून चिकटवल्यासारखी दिसावीत, अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात मात्र, माहेरची माणसे सिंधूस न्यावयास येतात आणि ती नवऱ्याचे घर सोडण्यास नकार देते, तेथे पद काढून पाहा. पद्माकराची बाजू युक्तिवादाने बळकट आहे. आजच्या वाचकास तर ती सर्वस्वी न्याय्य वाटेल. सिंधूजवळ त्यास तोडीचा युक्तिवाद नाही. तिचे उत्तर स्वरांतच आहे. पद गाळले तर ती केवळ हट्टी ठरते, आणि पद नुसते गोड म्हटले तर ती पोथीतली पतिव्रता ठरते. आपण काय पत्करीत आहोत हे पुरते जाणणारी बाई त्या स्वरांतून दिसली पाहिजे. तीच गोष्ट पुढे दळण दळून पोट भरणाऱ्या सिंधूची. दारिद्र्याने गांजलेली आई तान्ह्यास गाऊन दाखवते, तेव्हा गाणारीचा दमसास नव्हे, सिंधूचा थकवा ऐकू यावा.

निवड झाल्यावर मांडणी. पहिली अडचण पट्टीची. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 1921 साली मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हा भामिनी आणि धैर्यधर दोघेही पुरुष होते. दोघांच्या आवाजांत स्त्री-पुरुषाचे अंतर नव्हते. आज नायिका स्त्री असते. तिची पट्टी काळी चार आणि नायकाची काळी एक असेल, तर तिचा षड्ज त्याच्या पंचमावर येतो. प्रवेशाच्या मध्येच साथीदारांनी पट्टी बदलताना चाचपडत बसावे, यासारखा रसभंग नाही. पात्रांची वाटणी करतानाच पट्ट्यांचा हिशेब केला, तर ही अडचण तालमीतच मिटते.

दुसरी अडचण साथीची. गंधर्व मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी माणसे होती. ती केवळ वाजवीत नसत, नटाच्या मुखाकडे त्यांचे लक्ष असे. आज साथीदारांस पुष्कळदा कोपऱ्यात बसवतात आणि ध्वनिक्षेपकाच्या भरवशावर सोडतात. गद्याच्या शेवटच्या वाक्यातून स्वर उगवल्यासारखा यावयाचा, तर वाजवणाऱ्यास नट दिसलाच पाहिजे. मोकळ्या मैदानावर हे आणखी कठीण. अंबरनाथच्या शके 982, म्हणजे इ. स. 1060 च्या शिवमंदिराच्या परिसरात कलामहोत्सव भरत आला आहे. तेथे मोठ्या मैफली शोभतात; सिंधूचा प्रवेश मात्र चार भिंतींच्या आतच करावा.

तिसरी अडचण ‘वन्समोअर’ची. ही केवळ आपली खोड नव्हे. 1786 साली व्हिएन्नात मोत्सार्टच्या ‘फिगारो’तील इतकी गाणी पुन्हा पुन्हा मागितली गेली, की प्रयोग फार लांबू लागला आणि सम्राट दुसऱ्या योझेफने एकाहून अधिक कंठांचे गाणे पुन्हा म्हणू नये असा हुकूम काढला. एकट्याने म्हणावयाच्या गाण्यास मोकळीक ठेवली, कारण गवयाचा मान राखावयाचा होता! आपण याहून थोडे पुढे जावे. प्रवेश संपेपर्यंत कोणतेच पद पुन्हा म्हणू नये. संपल्यावर, पडद्यापुढे येऊन, हवे तर म्हणावे.

राहिला प्रवेशांना जोडण्याचा प्रश्न. हे काम हल्ली निवेदकाकडे असते, आणि तो नाटककाराची जन्मतारीख, पदाचा राग व गायकाचे गुरू सांगतो. कथा तेवढी राहून जाते. हे काम आपल्या जुन्या सूत्रधारास का देऊ नये? उल्हासनगरात तर त्यास जवळचे भावंडही भेटेल. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांनी ‘भगत’ नावाची कला सिंधमधून आणली. तीत एकच कलावंत गातो, नाचतो आणि गाता गाता कथाही सांगतो. 1939 साली ज्यांची हत्या झाली, ते संत कंवरराम या कलेचे थोर साधक. गाण्याने कथा पुढे न्यावयाची असते, हे या परंपरेत वाढलेल्या श्रोत्यास कोणी शिकवावे लागत नाही. गाणाऱ्या सूत्रधाराने दोन मिनिटांत पूर्वकथा सांगितली, तर सौभद्राचा डाव शेजारच्या सिंधी कुटुंबासही कळेल.

यावर आक्षेप येईल की, लोक गाणी ऐकावयास येतात, त्यांना कथेचे काय? मला हे पटत नाही. 1967 साली रंगभूमीवर आलेले दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ लोकांनी उचलून धरले, त्यास अभिषेकींच्या चाली आणि वसंतराव देशपांड्यांचा गळा ही कारणे होतीच. पण दोन घराण्यांच्या गाण्यातील विरोध हीच तेथे कथा आहे, आणि म्हणून प्रत्येक तान कोणाच्या तरी जिंकण्या-हरण्याची असते. कथेशी जडलेले गाणे लोकांस अधिक आवडते, असाच याचा अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : गाणारे नट मिळत नाहीत. त्यावर एवढेच म्हणावेसे वाटते की, निवड करताना उत्तम गवई न शोधता अर्थ समजून गाणारा माणूस शोधावा. साकी-दिंडीस मोठा गळा लागत नाही. बदलापूरच्या एखाद्या शाळेत असे तीन प्रवेश झाले, आणि घरी परतताना आई-मुलीत सिंधूने माहेरी जावयास हवे होते की नाही यावर वाद झाला, तर त्या रात्री तेथे नाटक झाले, असे म्हणावयास हरकत नाही.